कुटारातली पिल्लं आणि ओसरीतला पाहुणा

सोयाबीन निघून कुटाराचे ढीग बांधाला लागले, की मेहकर तालुक्यात कुत्र्यांच्या बाळंतपणाचा हंगाम सुरू होतो. गावातल्या मोकाट कुत्र्या बहुधा पावसाळा सरता सरता माजावर येतात. गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, त्यामुळे पिल्लं जन्मतात ती नेमकी थंडीच्या तोंडावर, नाहीतर ऐन थंडीत. जानेफळसारख्या गावात अशा वेळी कुत्रीला आडोसा मिळतो तो कुटाराचा, कडब्याच्या गंजीचा, गोठ्याच्या वळचणीचा किंवा एखाद्या बंद दुकानाच्या पायरीखालचा. आठवडाभरात गल्लीतल्या पोरांना पत्ता लागतो. कोणी गोणपाट नेऊन टाकतं, कोणी शिळी भाकर. ‘कुत्रीले भाकर टाकली का?’ हा प्रश्न वऱ्हाडातल्या घरात रात्रीची भांडी घासायला घेण्याआधी विचारला जातोच. तरीही संक्रांतीपर्यंत त्या वेतातल्या पाच-सहा पिल्लांपैकी एखाददुसरंच हिंडताना दिसतं.

हा नुसता अंदाज नव्हे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या मनाबी पॉल, अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार वयात येईपर्यंत टिकली ती फक्त १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्के पिल्लांच्या मरणाला या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. कोणी गाडीखाली आलं, कोणाला मारलं गेलं, कोणाला विष घातलं गेलं. गंमत अशी, की याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात रस्त्यावरची कुत्री अनोळखी माणसानं वारंवार खाऊ देण्यापेक्षा अंगावरून हात फिरवण्याला जास्त भुलतात, असं दिसलं. ज्याच्याकडून धोका, त्याच्याकडेच ओढा!

या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे तात्पुरतं पालकत्व. जखमी, आजारी किंवा आईवेगळं कुत्रं काही आठवडे घरात ठेवायचं, धडधाकट करायचं आणि कायमच्या घरी पाठवायचं. शहरात याला सरसकट ‘फॉस्टर’ म्हणतात. मुंबईत १९८५ पासून ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ आणि पुण्यात २००७ पासून ‘रेस्क्यू’ या संस्था मोकाट कुत्र्यांसाठी राबत आल्या आहेत आणि अशा कामाला घरांची साथ लागतेच, कारण निवाऱ्यात जागा कधीच पुरत नाही. तालुक्याच्या गावाखाली हे जाळं क्वचितच पोचतं. पण तिथे मुळात काहीच नसतं असंही नाही. पितृपक्षात कावळ्यासोबत कुत्र्याचाही घास काढला जातो, दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रा असतोच. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकर, जानेफळ, खामगाव या वाटेनं जाते, तेव्हा पंगतीच्या कडेला बसलेल्या कुत्र्यांना हाकलणारे कमी आणि पोळी टाकणारे जास्त असतात. खरं सांगायचं तर खेड्यात कुत्र्यावर दया करणाऱ्यांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो भाकर टाकल्यानंतरच्या कामाचा.

भाकरीचंच आधी बघू. कुत्रा मांसाहारी, त्याला ज्वारीची भाकर काय पचणार, अशी शंका शहरातले पाळीव प्राण्यांचे दुकानदार हमखास काढतात. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासानं त्याचं उत्तर दिलं आहे. पिष्ट पचवणारं अमायलेज हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसानं शेती धरली आणि त्याच्या उकिरड्यावर जगता जगता कुत्र्याचं पोटही बदललं. तेव्हा भाकर चालते. फक्त तेवढीच चालत नाही, कारण वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात. अंडं, मसाल्याविना शिजवलेली कोंबडी, घट्ट वरण, ताकात कुस्करलेली भाकर यातून ती भागतात. अडचण येते ती फोडणीची. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, म्हणून झणझणीत रश्श्यात बुडवलेला तुकडा हा लाड नव्हे. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला मारक ठरू शकतात, चॉकलेट हृदयाला. शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या काचा होतात. आणि तापाची, अंगदुखीची आपली गोळी तर अजिबात नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. अंगाला हात लावला की गरम लागतं म्हणून लोक ताप समजतात, पण निरोगी कुत्र्याचं तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं.

आईवेगळं पिल्लू हाती आलं, तर पहिली चूक होते ती दुधाची. थंडगार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात लोक कळवळून दूध ओततात. पिल्लू गारठलेलं असेल तर त्याचं आतडं काम करत नाही, दूध पोटात तसंच राहतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या अंगाचं तापमान राखता येत नाही, त्याच्याभोवती तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. जाड फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एका कडेला ठेवावी, म्हणजे उकडलं तर त्याला दुसऱ्या कडेला सरकता येतं. दूध पाजताना तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नये. पालथं ठेवून मान किंचित वर, आईला पितं तसं. गाईचं दूध कुत्रीच्या दुधापेक्षा बरंच पातळ असतं. त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही कमी, म्हणून पिल्लांसाठीची दूध पावडर मिळाली तर उत्तम. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे दोन-तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपण होऊन शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. तेव्हा प्रत्येक पाजणीनंतर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं खालून हलकं पुसून काढणं हे पालकाचं काम. रात्री दोन वाजताही.

पिल्लाचं वय तोंडात लिहिलेलं असतं. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टोचू लागतात आणि दोन महिन्यांच्या सुमारास अठ्ठावीसच्या अठ्ठावीस येतात. चौथ्या महिन्यापासून ते पडू लागले, की घरातल्या चपला धोक्यात.

दात मोजण्याचा खटाटोप लशीसाठी करायचा. पिल्लांचा खरा काळ म्हणजे पार्व्हो. कुत्र्यांमधला हा विषाणू १९७८ च्या सुमारास उघडकीला आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांच्या अशाच एका विषाणूचा तो वंशज. पिल्लू सुस्त होतं, उलट्या, मग घाण वासाचे रक्ताचे जुलाब, आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत संपतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला आठवडाभर, कधी दोन आठवडेही जातात. म्हणूनच नवीन आलेलं कुत्रं कितीही तरतरीत दिसलं, तरी घरच्या कुत्र्यापासून चौदा दिवस वेगळं ठेवायचं. वेगळी खोली नसेल तर ओसरीचं एक टोक, वेगळी वाटी, वेगळं फडकं, आणि आधी घरच्याचं आवरून मग पाहुण्याकडे जायचं. हा नियम सर्वात जास्त मोडला जातो आणि त्याची किंमत घरचं पिल्लू मोजतं.

सफाईच्या बाबतीत खेड्यातली सगळी भिस्त फिनाइलवर, आणि पार्व्होवर नेमका फिनाइलचा भरवसा नाही. त्याला क्लोरीन लागतं. विहिरीत टाकायला ग्रामपंचायतीत येणारी टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, त्याच जातीची. घरगुती द्रव ब्लीच असेल तर एका भागाला तीस भाग पाणी, आणि पुसून दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. पण सेंद्रिय पदार्थाशी गाठ पडली की क्लोरीन तिथेच खर्ची पडतं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ते वाया जातं, आणि मातीत हा विषाणू महिनोन्महिने, कधी वर्षभरही टिकतो. म्हणून आजारी पिल्लू सारवलेल्या अंगणात नव्हे, फरशीवर ठेवायचं. गेल्या वर्षी जिथे पार्व्होनं पिल्लं गेली, त्याच कोपऱ्यात यंदाची पिल्लं बिनलशीची ठेवणं म्हणजे आपल्या हातानं त्यांना लोटणं आहे.

लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करायची आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांचं होईपर्यंत पुन्हा द्यायची. एकदा टोचली की झालं, असं नसतं. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती लशीला आडवी येते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं बहुतेक काम गाई-म्हशी-शेळ्यांचं, लाळ्या-खुरकुताच्या लशीचं, रेतनाचं. २०२२ च्या लम्पीच्या साथीत तर डॉक्टरांना जेवायची फुरसत नव्हती. कुत्र्यांच्या लशी बऱ्याचदा तालुक्याहून किंवा त्याहून लांबून आणाव्या लागतात, आणि त्या दोन ते आठ अंशांतच राहायला हव्यात. बर्फाच्या थर्मासमध्ये आणलेली लस आणि मोटारसायकलच्या डिकीत तापलेली लस बाहेरून सारखीच दिसते. अवघड आजाराला बुलढाणा जिल्ह्यातल्या लोकांचा शेजारचा आधार म्हणजे अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था. जनावरांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे.

आजारी पिल्लू सांभाळण्याचा हा उद्योग नवा नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली सापडलेल्या सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या दफनात माणसांसोबत एक कुत्रंही होतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या दातांवरच्या खुणांवरून असं दिसलं, की ते जेमतेम सात महिन्यांचं असताना मेलं आणि त्याआधी त्याला डिस्टेंपर या आजाराचे झटके येऊन गेले होते. माणसानं पाणी पाजल्याशिवाय, अंग पुसल्याशिवाय ते एवढे आठवडे तगलंच नसतं. त्या पिल्लाचा शिकारीला काडीचा उपयोग नव्हता.

उन्हाळ्यात विषय बदलतो. पारा चाळिशीच्या वर गेला की कुत्र्याला घामाचा आधार नाही. थोड्याफार घामाच्या ग्रंथी पावलांच्या गाद्यांत, बाकी सगळा भार धापा टाकण्यावर. दुपारी पत्र्याच्या शेडखाली साखळीनं बांधलेलं कुत्रं उष्माघातानं जातं आणि लोक म्हणतात, काहीतरी खाल्लं असेल. त्यावर कडी करतात गोचिडी. मादी रक्त पिऊन टरारली की खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचून काम भागत नाही, भिंतींच्या फटी बुजवाव्या लागतात. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिओसिस या आजारात कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसतात आणि वेळेवर कळलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधानं कुत्रं उठून बसतं. गोचिडी मारायला कपाशीवरचं उरलेलं कीटकनाशक कुत्र्याला चोपडण्याचा प्रकार मात्र भयंकर. कुत्रं अंग चाटतं, आणि गोचिडीच्या आधी तेच मरतं.

आता घरच्या मोत्याचं काय? चौदा दिवस संपले म्हणून पाहुण्याला थेट त्याच्या अंगणात सोडलं तर भांडण ठरलेलं. दोघांची भेट घराबाहेर, दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या जागी करावी. दोन माणसांनी दोन दोऱ्या धरून, काही पावलांचं अंतर ठेवून, एकाच दिशेनं चालत राहावं. तोंडासमोर तोंड आणू नये. जेवण कायम वेगळ्या जागी. शेपूट हलतं म्हणजे कुत्रं खूश, हा गैरसमजही सोडून द्यावा. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिलं, की मालक दिसल्यावर कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि दांडगं अनोळखी कुत्रं दिसल्यावर डावीकडे. ताठ उभं शेपूट, आवळलेलं अंग, डोळ्याच्या कडेचा दिसणारा पांढरा भाग, झोप नसताना दिलेली जांभई, उगाच चाटलेले ओठ या सगळ्या ‘लांब राहा’च्या खुणा आहेत. नव्या घरात कुत्र्याला बुजरेपणा जायला तीन दिवस, रोजचा रिवाज कळायला तीन आठवडे आणि पूर्ण रुळायला तीन महिने, असा सांभाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तो शास्त्र नव्हे, पण पहिल्याच रात्री हिरमुसणाऱ्या माणसाला उपयोगी पडतो.

रात्र म्हटली की बिबट्या आलाच. बुलढाणा आणि खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात बिबटे आहेत, आणि बिबट्याला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहाराचा वजनानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. राखणीला म्हणून शेतात खुंटीला बांधलेलं कुत्रं बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट असतं.

चावण्याचा विषय टाळून कुत्र्यावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. जगात रेबीजनं दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, त्यातली तिसऱ्या हिश्शाहून अधिक भारतात. लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास नाही. पण त्याआधी उपाय इतका पक्का आहे, की रेबीजचा एकेक मृत्यू टाळता आला असता असंच म्हणावं लागतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. मिरचीपूड, चुना, हळद काही भरायचं नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याची भीती अजून लोकांच्या मनात आहे, पण ती जुनी लस भारतात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता इंजेक्शनं दंडात, तीही चार-पाच. पिल्लानं खेळता खेळता दात लावला तरी हेच. जे लोक सतत मोकाट कुत्री हाताळतात त्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवावी.

आणि हा प्रश्न सुटतो, हे शेजारच्या गोव्यानं दाखवून दिलंय. तिथे ‘मिशन रेबीज’नं सरकारसोबत कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लसी टोचल्या, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याची नोंद २०२२ साली प्रसिद्ध झाली. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १२ लाख ७६ हजार मोकाट कुत्री मोजली गेली, तेव्हा काम किती मोठं आहे ते कळतं. मारून ती संपत नाहीत. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारनं कुत्री मारायला माणसं सोडली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली होती. कुत्री आजही आहेतच.

कायदा थोडक्यात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करणं हे स्थानिक संस्थेचं काम. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं, की नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक असतील तर नाही. ७ नोव्हेंबरच्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारातली कुत्री मात्र उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितली. ऑगस्टच्या आदेशातलं एक वाक्य तात्पुरत्या पालकांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, याची जबाबदारी घेणाऱ्याची.

म्हणून पिल्लू देताना घर निवडावं लागतं, आणि इथेच सगळ्यात जास्त ओढाताण होते. ‘कुत्रा असंल तर देजा, कुत्री नको.’ हे उत्तर ठरलेलं. मादी म्हणजे वर्षाला एक-दोन वेत, दारात टोळकं, शेजाऱ्यांची कटकट. आक्षेप खोटा नाही, पण त्याचा इलाज नसबंदी आहे, मादीला पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडणं नव्हे. जमेल तिथे मादी पिल्लाची शस्त्रक्रिया झाल्यावरच ती द्यावी. ते जमणार नसेल तर तारीख ठरवून घ्यावी आणि आठवण करून देणारा फोन आपणच लावावा. काळ्या रंगाचं पिल्लू शेवटपर्यंत उरतं, तेही गृहीत धरावं. बरेचदा ते उरलेलंच घरचं होऊन बसतं. शहरातले लोक याला हसत ‘फॉस्टर फेल’ म्हणतात. घरात जागा आणि खर्चाची तयारी असेल तर त्यात वाईट काही नाही, फक्त पुढच्या थंडीत नव्या पिल्लासाठी ओसरीचं ते टोक रिकामं राहत नाही.

देताना सोबत लशीचं कार्ड, जंताच्या औषधाची पुढची तारीख, चार दिवस पुरेल एवढं सवयीचं खाणं आणि त्याच्या खोक्यातलं फडकं द्यावं. फडकं धुवायचं नाही, वास राहू द्यायचा. पहिल्या रात्री पिल्लू रडतं आणि नव्या घरून रात्री अकराला फोन येतो, की ‘लय आरडून राह्यलं, परत आणू का?’ तेव्हा आणा म्हणायचं नसतं. खोका गोठ्यातून उचलून माणसांच्या अंथरुणाशेजारी ठेवायला सांगायचं असतं.